अभ्यासाचा ताळा

शिवाजी पार्कभोवतीच्या एखाद्या जुन्या पर्जन्यवृक्षाकडे बोट दाखवून दहावीतल्या मुलाला विचारून पाहा, या झाडाचं एवढं लाकूड आलं कुठून? पुष्कळदा उत्तर येतं, 'मातीतून.' हाच मुलगा प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या न अडखळता सांगतो, समीकरण लिहितो, त्यात डाव्या बाजूला कार्बन डायऑक्साइड आहे हेही त्याला ठाऊक असतं. परीक्षेत त्याला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण पडतात. पण वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो, तो हवेतून आलेला असतो, आणि हे त्याने स्वतःच लिहिलेल्या समीकरणातून निघतं, हे मात्र त्याच्या मनात कधी आलेलं नसतं. त्याला धडा येतो आणि येत नाही, दोन्ही खरं आहे.

या प्रश्नाचा इतिहासही बोलका आहे. ब्रुसेल्सच्या व्हान हेल्मोंटने दोनशे पौंड सुकवलेल्या मातीत पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांच्या वर, आणि माती सुकवून पुन्हा तोलली तेव्हा ती घटली होती जेमतेम दोन औंस. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा प्रयोग छापला गेला. माती झाडाचं अन्न असते ही समजूत त्याने तराजूने खोडून काढली, हे मोठंच काम. पण मग लाकूड पाण्यापासून झालं असा निष्कर्ष त्याने काढला. हवेचा विचार केला नाही. कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचा अभ्यास याच माणसाने केला होता, तरीही. तपासणी ज्या शंकेसाठी केली तेवढीच शंका ती फेडते. बाकीच्या शंका तशाच राहतात.

आपण एखादी गोष्ट शिकलो की नाही, हे ठरवायला आपल्याजवळ सर्वांत हाताशी असतं ते एक वाटणं : 'समजलं.' हे वाटणं खोटं नसतं, पण ते कशामुळे झालं हे पाहायला हवं. पान ओळखीचं झालं, वाक्यं अडखळत नाहीत, पुढचा परिच्छेद काय आहे हे आधीच माहीत आहे, एवढ्यानेही ते होतं. अशा वेळी मजकुराशी झालेला परिचयच ज्ञान म्हणून मोजला जातो.

मराठी माध्यमात यात भाषेचाही मोठा वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. आज ते मानखुर्दला आहे, पण त्याची सुरुवातीची वर्षं नाना चौकात महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत गेली, म्हणजे गिरगावच्या उंबरठ्यावरच. तिथल्या वि. गो. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी मराठी विज्ञान पुस्तकांची भाषा सोपी करून पाहिली. विज्ञान तेच ठेवलं, फक्त वाक्यं आणि शब्द मुलांच्या आवाक्यात आणले, तर मुलांची कामगिरी सुधारली. १९८१ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. मला त्यातून एक उलटी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जड वाक्य समजलं नाही तरी पाठ करता येतं, आणि पाठ झालं की ते आल्यासारखं वाटतं. म्हणून आपल्या शिकण्याची पहिली चाचणी अशी असावी : पुस्तकातला एकही पारिभाषिक शब्द न वापरता तीच गोष्ट घरात बोलतो तशा मराठीत सांगता येते का? 'अभिक्रिया', 'उत्सर्जन', 'विस्थापन' हे शब्द काढून घेतल्यावर सांगण्यासारखं काय उरतं? जे उरतं तेवढं तुमचं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रत्येक दहावी-बारावीच्या घरात माहीत असायला हवा. त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्याविषयी, एक समुद्री पाणमांजरांविषयी. एका गटाने तोच उतारा पाच-पाच मिनिटांच्या चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि उरलेल्या तीन बैठकांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानंतर चित्र उलटलं. वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांजवळ ६१. वाचणाऱ्या गटाने तो उतारा सरासरी चौदा वेळा डोळ्यांखालून घातला होता, लिहिणाऱ्यांनी साडेतीन वेळाही नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल असं वाटतं, हे दोन्ही गटांना आधीच विचारलं होतं. जास्त खात्री होती ती वाचणाऱ्यांना. ज्यांचं सर्वांत जास्त विसरलं जाणार होतं तेच सर्वांत निर्धास्त होते. आणि ते आळशी मुळीच नव्हते. त्यांनी वाचनाचे कष्ट इतरांहून जास्त घेतले होते.

यातून घरी करण्यासारखं जे निघतं ते साधं आहे, पण ते नेमकेपणाने केलं तरच उपयोगी पडतं. धडा वाचल्यावर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, हे सगळेच सांगतात. पण कधी? लगेच लिहिलं तर मजकूर डोक्यात ताजाच असतो आणि कागद छान भरतो. दुसऱ्या दिवशी लिहा, चार दिवसांनी लिहा. अडल्यावर पुस्तक उघडायचा मोह होतो. उघडलं की 'हो, हेच तर मला म्हणायचं होतं' असं वाटतं, आणि ते वाटणं अगदी प्रामाणिक असतं. म्हणूनच ते धोक्याचं आहे. कागदावर न उमटलेलं काहीही येत होतं असं धरू नका. लिहून झाल्यावर वेगळ्या शाईने पुस्तकाशी ताडून पाहा, आणि जे अर्धं बरोबर आहे त्याला चूक म्हणा. गाईडमधलं उत्तर किंवा सोडवलेलं उदाहरण वाचून गणित 'कळतं', त्यालाही हाच नियम लावावा. उत्तर झाकून, दोन दिवसांनी, पहिल्या ओळीपासून स्वतः सोडवता आलं तरच ते कळलं.

गणितात आणखी एक फसवणूक असते, आणि ती पुस्तकाच्या मांडणीतूनच येते. प्रत्येक प्रकरणाला सरावसंच असतो. वर्गसमीकरणांच्या सरावसंचात सगळी उदाहरणं वर्गसमीकरणांची, अंकगणिती श्रेढीच्या सरावसंचात सगळी श्रेढीची. मुलं ती भराभर सोडवतात. पण हे उदाहरण कोणत्या जातीचं आहे हे ओळखण्याचं काम, जे खरं कठीण काम, ते सरावसंचाच्या मथळ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली याची मोजदाद दिली. घनफळाच्या चार वेगवेगळ्या प्रकारांची उदाहरणं काही विद्यार्थ्यांना प्रकारवार दिली, काहींना मिसळून. सराव चालू असताना प्रकारवार करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, मिसळून करणाऱ्यांची फक्त ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत प्रकारवाल्यांची २० टक्के बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६३. म्हणजे सरावाच्या वेळचे गुण पाहून पद्धत निवडली असती तर नेमकी वाईट पद्धत निवडली गेली असती. पाठ्यपुस्तकात प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो, तोही त्याच प्रकरणापुरता. म्हणून चार-पाच प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवून, डब्यात मिसळून, हाताला येईल ती सोडवावी. सुरुवातीला गुण कमी पडतात. पडू द्यावेत.

आता सोडवलेल्या उत्तराकडे वळू. जुन्या मराठी शाळेत गुणाकार-भागाकार झाला की ताळा पाहिल्याशिवाय पाटी पुढे करत नसत. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. नऊ काढून टाकून उत्तर पडताळण्याचा नियम दहाव्या शतकाच्या सुमाराच्या दुसऱ्या आर्यभटाच्या 'महासिद्धान्त' ग्रंथात आहे, आणि नारायण पंडिताने १३५६ सालच्या 'गणितकौमुदी'त नऊच्या जागी दुसरीही संख्या घेता येते असं दाखवलं. आता कॅल्क्युलेटर असताना ताळा कशाला, असं म्हटलं जातं. मला उलट वाटतं. हिशेब तपासण्याची सवय लावण्यापलीकडे, कोणत्याही तपासणीला मर्यादा कशी असते हे ताळा जितक्या स्वच्छपणे शिकवतो तितकं दुसरं काही शिकवत नाही.

एक उदाहरण घेऊ. ३४७ गुणिले २८ म्हणजे ९७१६. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. २८ ची १०, म्हणजे १. पाच एके पाच. उत्तराच्या अंकांची बेरीज २३, म्हणजे ५. ताळा जुळला. आता समजा मुलाने घाईत ९१७६ लिहिलं. बेरीज तीच, ताळा पुन्हा जुळला, आणि उत्तर ५४० ने चुकलेलं. अंकांची अदलाबदल नऊच्या ताळ्याला दिसत नाही. जादा शून्यही दिसत नाही. अकराच्या ताळ्याला मात्र ही अदलाबदल दिसते. उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करत गेलं तर ३४७ चे ६, २८ चे ६, गुणाकार ३६, अकराने भागून बाकी ३. ९७१६ चे ३ येतात, जुळतं. ९१७६ चे येतात उणे ९, म्हणजे २. चूक पकडली. आणि तिसरी तपासणी अंदाजाची : ३५० गुणिले २८ म्हणजे ९८००, खरं उत्तर त्याहून किंचित कमीच हवं, तर ९१७६ इतकं खाली कसं गेलं?

तिन्ही तपासण्या वेगळ्या आहेत म्हणून कामाच्या आहेत. तेच गणित त्याच रीतीने दुसऱ्यांदा करणं ही फार दुबळी तपासणी, कारण पहिल्यांदा जिथे घसरलो तिथेच हात पुन्हा घसरतो. तुमच्या आधार क्रमांकाचा शेवटचा, बारावा आकडा हा असाच एक ताळा आहे. नेदरलँड्सचे गणिती फेरहूफ यांनी १९६९ साली मांडलेल्या रीतीने तो काढलेला असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर ती रीत चूक हमखास पकडते. माणसं आकडे लिहिताना याच दोन चुका सर्वांत जास्त करतात, म्हणून तपासणी त्या चुकांवर बेतली. आपल्या अभ्यासातही हेच व्हायला हवं. आपण कुठे चुकतो, चिन्हात, एककात, प्रश्न अर्धवट वाचण्यात, याची वहीच्या मागच्या पानावर नोंद ठेवली, तर आपल्याला कोणता ताळा हवा ते महिन्याभरात कळतं.

बुद्धिबळाला हा फायदा जन्मतःच मिळालेला आहे, कारण तिथे स्पर्धेच्या दीर्घ डावांत प्रत्येक चाल लिहून ठेवावीच लागते. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या दहा वर्षांतली विजेतेपदं गिरगावच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी घरी आणली. त्या काळच्या खेळाडूंमध्ये एक शिस्त रूढ होती. चाल पक्की झाली की आधी कागदावर लिहायची, मग पटाकडे नवशिक्याच्या डोळ्यांनी एकदा पाहायचं, आणि मगच सोंगटीला हात लावायचा. आंतरराष्ट्रीय महासंघाने २००५ साली चाल खेळण्याआधी लिहायला मनाई केली, कारण ती टिपण काढल्यासारखी होते. पण पेपर लिहिणाऱ्याला तशी मनाई कुठेच नाही. उत्तरावर रेघ मारण्याआधी प्रश्न पुन्हा वाचायचा, जणू तो पहिल्यांदाच पाहतो आहोत. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली प्रश्न सोडवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात चार पायऱ्या सांगितल्या. चौथी पायरी 'मागे वळून पाहणे' ही आहे, आणि शाळेत वगळली जाते ती नेमकी हीच.

परळमध्ये एक जागा अशी आहे जिथे स्वतःचा विचार तपासण्याची शिस्त शिक्षणाचाच भाग आहे. केईएम रुग्णालय आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून तिथे आहेत. शिकवणाऱ्या रुग्णालयांत 'सीपीसी' नावाची बैठक होते. दगावलेल्या रुग्णाचा इतिहास, तपासण्या, क्रमाक्रमाने वाढत गेलेली लक्षणं एका डॉक्टरसमोर ठेवतात. त्याने सगळ्यांसमोर विचार मांडून निदान सांगायचं. त्यानंतर विकृतिशास्त्राचे डॉक्टर शवविच्छेदनात काय आढळलं ते दाखवतात. ही पद्धत बॉस्टनच्या रिचर्ड कॅबट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुजवली. त्यांनी १९१२ साली तीन हजार शवविच्छेदनांशी निदानं ताडून पाहिली आणि काही आजारांत निम्म्याहून जास्त निदानं चुकलेली होती, हे उघडपणे छापलं.

या बैठकीचं बळ तिच्या क्रमात आहे. उत्तर कळण्याआधी निदान बोललं जातं, त्यामुळे मागाहून 'मला तसंच वाटलं होतं' म्हणायला जागा राहत नाही. विद्यार्थ्याने हे जसंच्या तसं उचलावं. जुनी बोर्डाची प्रश्नपत्रिका सोडवताना प्रत्येक उत्तरासमोर समासात लिहावं : पक्कं, बहुतेक, किंवा अंदाज. मग तपासावं. 'अंदाज' लिहिलेलं चुकलं तर फारसं बिघडत नाही, ते पुन्हा करायचं आहे हे ठाऊकच होतं. 'पक्कं' लिहिलेलं चुकलं तर तिथे थांबा, कारण त्या जागी तुम्ही आपणहून कधीच परत गेला नसता. माझ्या मते संपूर्ण प्रश्नपत्रिकेच्या गुणांपेक्षा 'पक्कं पण चूक' ही यादी जास्त मोलाची आहे. आणि 'अंदाज' लिहिलेली बरीच उत्तरं बरोबर येत असतील तर तेही सांगण्यासारखं आहे. कित्येक मुली वर्गात हात वर करत नाहीत, त्यांना हा कागद धीर देईल.

उपाय चालला की नाही हे कसं ठरवायचं, याचाही धडा याच भागातला आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यातून लस सोसते एवढंच कळलं, ती वाचवते का हे नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली आणि बाकीच्यांशी तुलना करता आली. पण आपणहून पुढे आलेले लोक मुळातच वेगळे असू शकतात. पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात एकेका कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस देऊन बाकीच्यांशी तुलना केली गेली. एकाच घरातली, एकाच ताटातली माणसं, म्हणून ती तुलना जास्त भक्कम. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

नवा क्लास लावला आणि गुण वाढले, की श्रेय क्लासला जातं. पण गुण वाढायला वय आहे, परीक्षा जवळ आल्याची भीती आहे, सोपा पेपर आहे. क्लास बदलून पाहणं महाग पडतं, पण अभ्यासाची रीत तपासणं फुकट आहे. इतिहासाचे दोन धडे नेहमीसारखे वाचा, दोन कोऱ्या कागदाच्या रीतीने करा, वेळ सारखाच द्या, आणि दोन आठवड्यांनी कुणाला तरी चारही धड्यांवर प्रश्न विचारायला सांगा. मग तुमच्यासाठी काय चालतं हे कुणाच्या सांगण्यावर अवलंबून राहणार नाही.

आणि हे 'कुणाला तरी' फार महत्त्वाचं आहे. येल विद्यापीठाच्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ साली लोकांना विचारलं, झिप कशी चालते, फ्लशची टाकी कशी चालते, कुलूप कसं उघडतं, हे तुम्हाला किती समजतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग पायरीपायरीने समजावून लिहायला सांगितलं आणि पुन्हा गुण द्यायला सांगितलं. गुण खाली आले. समजावून सांगायला लागेपर्यंत आपल्याला नेमकं काय येत नाही ते दिसतच नाही.

इथे एक विनंती करायची आहे. लालबाग, परळ, दादर, गिरगाव या पट्ट्यात गणेशोत्सव मंडळांनी, वाचनालयांनी आणि महापालिकेने चालवलेल्या अभ्यासिका आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसं राहतात तिथल्या मुलांना या अभ्यासिकांनी बसायला जागा दिली, दिवा-पंखा दिला. हे उपकार शब्दांत सांगण्यासारखे नाहीत. पण तिथे नियम असतो शांततेचा, आणि शांततेत होतं ते मुख्यतः वाचन. समजावून सांगायचं तर तोंड उघडावं लागतं. तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आणि वाचनालयांच्या समित्यांनी एवढं करावं : एक कोपरा, आणि कोपरा नसेल तर संध्याकाळचा एक तास, बोलण्यासाठी मोकळा ठेवावा. तिथे एक फळा, खडू, घड्याळ आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा ठेवावा. एका मुलाने उभं राहून सांगायचं, दुसऱ्याने 'का?' एवढंच विचारायचं. खर्च फळ्याचा आणि खडूचा. मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय मांडा.